व्हर्डाबाईंची चिठ्ठी

अमेरिकेत, टेनेसीतल्या आमच्या चर्चचा पंथ शाकाहारी, मांसाला कोणी शिवत नाही. त्यामुळे शनिवारच्या प्रार्थनेनंतरच्या पंगतीत व्हर्डाबाईंच्या राजम्याच्या बर्गरचा मान पहिला. सून लोरीनने कृती मागितली, तेव्हा बाईंनी ती सुबक अक्षरात लिहून दिली. फक्त बर्गर फुटू नये म्हणून उकडलेला राजमा ओव्हनमध्ये सुकवायचा आणि मूठभर ओट्स घालायचे, एवढंच मुद्दाम गाळलं.

पुढच्या शनिवारी लोरीनच्या बर्गरचा उचलताना सगळ्यांदेखत भुगा झाला.

"आता माझ्या पोराला बर्गर चमच्यानं भरवा!" बाई ओरडल्या. आम्ही मेले पोट धरून हसलो. वीस वर्षं तिला 'चमचेवाली'च म्हणत आलो. तिला ती गाळलेली युक्ती केव्हाच कळली होती, पण पंगतीला ती फक्त कोशिंबीर आणायची.

यंदा बाईंचा उजवा हात लुळा पडला. मी भेटायला गेले तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "लोरीन, माझा तो बर्गर कर गं."

तिने केला. पहिल्याच घासाला तो फुटून बाईंच्या मांडीवर सांडला.

"अगं, हे काय केलंस?"

लोरीनने पिवळी पडलेली चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "तुमचंच अक्षर ना, आई?"

मग ती माझ्याकडे वळली. "हसा ना काकू, थांबलात का?"