टोपलीखालची नाचणी

"करमतंय ना, विहीणबाई?"

गेल्या डिसेंबरात हा प्रश्न मी दिवसातनं किती वेळा विचारला असेल, देव जाणे. चहा दिला की विचारायची, ताट वाढलं की विचारायची, त्या नुसत्या ओटीवर येऊन टेकल्या तरी विचारायची. "करमतंय की," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुन्हा डाव्या हातानं वालाच्या शेंगा सोलायला लागायच्या. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

माझ्या सुनेची आई. वसईची, ख्रिस्ती. आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलानं त्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा मी तीन महिने घरात कोणाशी धड बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कोणी फार मोठ्या मनाची समजायला नको. पुढं सून जीवाला जीव देणारी निघाली, नात झाली, माझा राग कुठल्या कुठं गेला. पण विहीणबाईंशी संबंध बारशापुरता आणि दिवाळीच्या फराळापुरताच राहिला. मग गेल्या पावसाळ्यात त्यांचे मालक वारले. नोव्हेंबरात त्या मोरीत घसरल्या, मनगट मोडलं, आणि सून त्यांना आमच्याकडं घेऊन आली. किन्हवलीपासून आत, तीन बाजूंनी भातशेती असलेल्या आमच्या गावात.

"नाताळपर्यंत राहू दे का, आई?" सुनेनं विचारलं.

"राहू दे की. घर काय लहान हाय?" मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

मग विसाव्या तारखेला सकाळी मी तांब्या घेऊन मागच्या दाराशी गेले आणि आत सून माझ्या मुलाला सांगत होती ते ऐकलं. "मम्मीला इथं नाय करमलं तर आपणच जानेवारीत वसईला शिफ्ट होऊ. एकटी कशी राहील ती? शाळा पण तिकडं चांगली, तुला पण ऑफिसला जायला टाइम कमी लागेल."

माझा मुलगा म्हणाला, "बघू."

त्याचं 'बघू' मी चांगलं ओळखते. त्याचा बापही 'बघू' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट झालेली असते. हातातला तांब्या फरशीवर पडला, केवढ्यानं वाजला! मी तो उचलून तशीच परतले. सात वर्षांची नात सकाळी उठल्याबरोबर माझ्या पांघरुणात शिरते, ती उद्या शंभर कोसांवर जाणार! वसई काही शंभर कोस नाही, मला ठाऊक आहे. पण तेव्हा वाटलं खरं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. विहीणबाईंना करमलं पाहिजे. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. नाताळ आला बुधवारी, मार्गशीर्षात, आणि आमच्या घरात तो महिना मटणाचं नाव निघत नाही. मी ह्यांना सांगितलं, नाताळच्या दिवशी अंगणात तीन दगड मांडा, वेगळं पातेलं घ्या आणि तुमीच मटण शिजवा, मी वास घेणार नाय पण तक्रारही करणार नाय. आमचे हे माझ्याकडं बघतच राहिले. "तब्येत बरी हाय ना गो?" म्हणाले.

एवढं करूनही बाईच्या चेहऱ्यावरनं काही कळेना. तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. कुठलं पोर रमलंय आणि कुठलं आईची वाट बघतंय, मला दारातनं कळायचं. पण ह्या नुसत्या हसायच्या, जेवायच्या, आणि दिवसातनं एकदोनदा मागच्या पडवीत जाऊन यायच्या. मला वाटायचं, तिथं जाऊन रडत असतील. विचारायचा धीर होत नव्हता.

चोवीस तारखेला मंगळवारी सकाळी मी घर झाडायला काढलं. गुरुवारी माझ्या महालक्ष्मीच्या उपवासाचं उद्यापन होतं, आणि कामाच्या आधी मला राग येतो ही माझी जुनी खोड. मागच्या पडवीत भाताच्या कणगीच्या मागं एक टोपली पालथी घातलेली दिसली. उचलली. खाली जर्मनची जुनी थाळी, आणि थाळीत नाचणी. मोड येऊन, वाढून, चांगली चार बोटं झालेली, पिवळसर हिरवी.

माझं डोकंच फिरलं. सून नातीसाठी नाचणीचं सत्त्व घरी करते, त्यासाठी नाचणी भिजवून मोड आणते. म्हटलं, बघा! भिजत घातली आणि विसरली. सगळं लक्ष त्या मोबाइलमध्ये! धान्याची अशी नासाडी, ती पण माझ्या घरात! तोंडानं बडबडत मी ती थाळी उचलली आणि तडक शेळीपुढं नेली. मुळांची नुसती चटई झाली होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठं सुटली. शेळीनं डोळे मिटून खाल्लं.

दहा मिनिटांत नात पडवीतनं किंचाळत आली. "आजी, गवत कुठंय? वसईआजीचं गवत! गोठ्यातलं!"

"कुठल्या गोठ्यातलं गो?"

"येशूबाळाच्या! आमी दोघींनी पेरलंय, गुपचूप! आज संध्याकाळी टोपली उचलायची होती!"

नाताळच्या देखाव्यात ते लोक गोठा मांडतात, गाय, मेंढरं, बाळ. त्या गोठ्यापुढं लावायचं हिरवं ते. आणि मला काय आठवावं? माझे घट. नवरात्रात घटाखाली मी पण धान्य पेरते, आणि ते कसं उगवलं त्यावरनं घराचं वरीस कसं जाणार ते बघते. ते धान्य कोणी शेळीला घातलं असतं तर मी त्याला घरात उभं केलं नसतं.

तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या. त्यांनी माझ्या हातातली रिकामी थाळी बघितली.

आणि मी, साठी ओलांडलेली बाई, खोटं बोलले. "शेळीनं दावं तोडलं हो, विहीणबाई. मी धावले, तवर सगळं फस्त."

त्यांनी शेळीकडं पाहिलं. शेळी खुंट्याला बांधलेली, रवंथ करत होती. दावं शाबूत. त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "असू दे."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते 'असू दे' दुपारपर्यंत माझ्या कानातनं जाईना. संपलं म्हटलं. आता ही बाई नाताळ झाला की बॅग भरणार, आणि तिच्या मागं माझं सगळं घर जाणार. शेवटी मी घमेलं आणि खुरपं उचललं आणि कोणाला न सांगता बाहेर पडले.

डिसेंबरात आमच्याकडं शेतं बोडकी असतात. भात कापलेलं, नुसती धसकटं. वालाचे वेल हिरवे होते, पण वेल काय गोठ्यापुढं पसरणार? ओढ्याकडं गेले, तिथलं गवत उंच आणि राठ, मेंढरं त्यात बुडली असती. बांधावर दूर्वा मिळाल्या, त्या पार सुकलेल्या. ऊन कलायला लागलं आणि मला रडूच आलं. कोणाला हाक मारावी कळेना. माझ्या लक्ष्मीला म्हटलं, आई, महिना तुझा हाय, आता लाज पण तुझीच.

परत येताना खळ्याकडनं आले. महिन्यापूर्वी तिथं आमची झोडणी झालेली. खळ्याच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीच्या सावलीत, पंपाचा पाइप गळतो तिथं सांडलेलं भात उगवलं होतं. हातभर जागेत, बोटभर उंच, कोवळं. मी गुडघ्यावर बसले आणि मातीसकट ते खुरप्यानं हळूहळू सोडवलं. एवढ्या जपून मी कधी भाताची लावणीही केली नसेल. घमेल्यात ठेवून डोक्यावर घेतलं आणि घरी आले.

विहीणबाई पडवीत एकट्याच होत्या. फळीवर गोठ्याची मातीची चित्रं मांडत होत्या, डाव्या हातानं. गाय सारखी कलंडत होती. मी घमेलं त्यांच्यासमोर ठेवलं.

"भात हाय, नाचणी नाय," मी म्हटलं. आणि मग राहवलंच नाही. "शेळीनं दावं नव्हतं तोडलं. मीच घातलं तिला, ह्या हातांनी. मला वाटलं सुनेनं सत्त्वासाठी भिजवलेली विसरली."

"ठाऊक आहे. दावं बघितलं मी." त्या गाय उभी करत राहिल्या. मग हळूच विचारलं, "कसं उगवलं होतं?"

"काय?"

"नाचणी. मी बघितली नाय हो. आमच्या ह्यांचा नेम होता, नाताळच्या आदल्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत टोपली उचलायची नाय, वरनंच पाणी शिंपडायचं. बघितलंय ते तुमी एकट्यांनीच. दाट होतं की विरळ?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढं म्हणाल्या. "दरसाल आमचे हेच पेरायचे. मी कधी हात लावला नाय. ह्या वर्षी पहिल्यांदा पेरलं, ते पण डाव्या हातानं. मनात म्हटलं, दाट उगवलं तर माझ्या घरी जायचं, एकटीनं राहायचं. जमेल मला. विरळ उगवलं तर पोरगी म्हणते तसं करायचं. ती म्हणते, आमी सगळी तिकडं येतो. तुमी ऐकलंत ना त्या दिवशी? तांब्या वाजला तेव्हा मी इथंच होते."

माझे कान तापले. म्हणजे गेले चार दिवस मी 'करमतंय ना' का विचारत होते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तरी प्रत्येक वेळी त्या 'करमतंय की' म्हणत होत्या.

आता सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं. दाट म्हटलं की माझी नात माझ्या घरात राहणार. आणि दाटच होतं, अगदी खरोखर. पण सकाळी त्यांच्या तोंडावर खोटं बोललेली बाई मी. आता माझ्या फायद्याचं खरं सांगितलं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

"दाट होतं, विहीणबाई. नातीची शपथ."

"पोरीची शपथ नका घालू."

"चार बोटं उंच. मुळांची चटई झालेली. थाळीतनं सुटेना, दोन्ही हातांनी ओढावी लागली मला."

"दोन्ही हातांनी?"

"हो."

त्या पहिल्यांदा हसल्या, अगदी डोळ्यांपर्यंत. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग झालं."

मला आधी काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. त्या बाईचा नवरा जाऊन सहा महिने झाले नव्हते, हात मोडलेला, आणि ती एकटीनं राहायला निघाली होती. त्या क्षणी मी 'राहा' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. मी म्हटलं, "गाय कुठं ठेवू?" त्यांनी बोटानं दाखवलं आणि मी गाय भातात नीट रोवली.

नाताळ चांगला झाला. त्यांनी मटण खाल्लं आणि आमच्या ह्यांना मीठ कमी पडलं म्हणून सांगितलं. गुरुवारी माझ्या उद्यापनाला त्या हळदीकुंकवाच्या बायकांना केळी वाटत बसल्या. जानेवारीत प्लास्टर निघालं आणि त्या गेल्या, एकट्याच. मुलगा, सून, नात इथंच राहिली. मला हवं होतं ते झालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वसईला फोन लावते. चार रिंग झाल्या आणि उचलला नाही की मोरी डोळ्यांपुढं येते. मी दाट म्हटलं म्हणून ती बाई तिथं एकटी आहे. एकदा त्या वाडीत पाणी घालायला गेल्या होत्या, अर्धा तास फोन लागला नाही, तर मी मुलाला ऑफिसातनं तिकडं पिटाळलं. 'करमतंय ना' मात्र मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही. विचारायची छातीच होत नाही.

यंदा नाताळला आम्ही सगळी त्यांच्याकडं जाणार आहोत. नाचणी मी पेरली आहे, त्याच थाळीत, त्याच टोपलीखाली. शेळी दूर आंब्याला बांधली आहे. शिजत्या भाताचं झाकण पाच वेळा उचलून बघणारी मी, पण बारा दिवस टोपलीला हात लावला नाही.

काल फोनवर त्यांनी विचारलं, "उगवलं का हो?"

"बघितलं नाय. टोपलीसकट मांडीवर घेऊन येते. तुमीच उचला."

"आणि विरळ निघालं तर?"

"तर तुमची बॅग भरून ठेवा. मी न्यायला आले समजा."

मग म्हणाल्या, "आणि दाट निघालं तर?"

"तरी भरा," मी म्हटलं.