चुना-हळदीखालची सूज

मिनू, या पत्रातूनच जवळ ये बघू. फोनवर नुसतं ‘बरी आहे’ म्हणून सुटतेस, लबाड! आज शेजारच्या काकीमांनी मुरगळलेल्या पायासाठी चुना-हळद गरम केली, आणि त्या वासानं मी थेट कोलकात्यातल्या, दमदमच्या आपल्या जुन्या घरात गेले.

तेव्हा दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीच्या संघाची फुटबॉलची फायनल होती. तुझ्या बाबांचा, म्हणजे माझ्या दादाचा, गुडघा सुजून भोपळा झालेला, त्यावर चुना-हळदीचा जाड लेप. भोवती गल्लीतली मंडळी चहा पीत संघ ठरवत होती.

“हा नसला तर डावी बाजू उघडी पडेल,” तपनदा म्हणाले. “आणि सूज तर उतरलीय की!”

“लेप धुऊन तरी बघा,” माझी आई दारातून म्हणाली.

“मासीमा, तुम्ही चहाचं बघा!” त्यांच्यातला एक आईला म्हणाला.

सगळे हसले. तुझे बाबाही हसले; पण उठताना त्यांनी खिडकीचा गज असा धरला की बोटं पांढरी पडली. बाहेर आधीच फटाके वाजत होते.

तेव्हा वाटलं, किती माया करतात माझ्या दादावर! आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो. फायनल आपण जिंकलो. दादा पुन्हा कधी धावला नाही.

आता जिनाही चढवत नाही गं त्याला. दुर्गापूजेच्या सुट्टीची वाट बघू नकोस, त्याआधीच त्याला भेटायला ये.