बोदलकशावर तीन हजार फूट

आमच्या टॉवरमध्ये रडार नव्हतं. विमान डोळ्यांना दिसेपर्यंत ते कुठे आहे, हे वैमानिक सांगेल तेच खरं मानायचं. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी. तिच्यावर जागा, उंची, वेळ लिहायची आणि जवळ येऊ शकणाऱ्या दोन विमानांच्या पट्ट्यांवर एकच उंची येऊ द्यायची नाही. सांगायला नोकरी एवढीच होती.

२००९-१०च्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातल्या त्या धावपट्टीवर वैमानिक व्हायला आलेली मुलं उडत. बहुतेक बाहेरची. वरून ओळखायला खूण काय, तर तलाव. आणि आमच्याकडे तलाव म्हणजे बोट ठेवाल तिथे. श्रावणात तर पाणी भरलेल्या धानाच्या बांध्याही चकाकतात, त्यात नवख्या पोराची गल्लत झाली तर नवल नाही.

मी तापट माणूस. चार-पाच विमानं हवेत असली की कपबशीचा आवाजही मला खपत नसे. चहा आणून देणारे काका बोदलकसा तलावाकडच्या मासेमार घरातले, महाबोलके. त्या दिवशी सकाळीच मी त्यांना झापलं होतं, “काका, मी माईकवर असताना एक शब्द नको.” ते “हो साहेब” म्हणून खाली गेले.

दुपारी समोर पाच पट्ट्या होत्या. एक मुलगी पहिल्यांदाच एकटी लांब निघाली होती, तीन हजार फुटांवर. तिने बोदलकशावर पोहोचल्याचं कळवलं, तिचा आवाज स्पीकरवर खोलीभर ऐकू येत होता. खाली काय दिसतंय, हे विचारायची माझी सवय होती. मोठा तलाव, त्यात बोटी, असं ती म्हणाली. बोदलकशात मासेमारी चालते, म्हणून माझं समाधान झालं. तिला तिथेच घिरट्या घालायला सांगितलं. तिरोड्याकडून परतणाऱ्या दुसऱ्या विमानाला त्याच बाजूच्या, पण पुरेशा अंतरावरच्या दुसऱ्या तलावावरून यायची वाट दिली, तीही तीन हजार फुटांवर. तो तलाव मोकळा आहे असं मी धरून चाललो होतो. मग उरलेल्या तिघांकडे वळलो. एकाला उतरवलं, एकाला थांबवलं, तिसऱ्याला पुन्हा फेरी मारायला लावली. पाच विमानं एका हाताने सांभाळतोय याचा मला आतून गर्वच वाटत होता.

“साहेब.”

मी मागे न बघता हात वर केला. गप्प बसा, या अर्थाने.

“रागवा तं रागवा. पन बोदलकशात आज डोंगा नाही. मासोळीचं बीज सोडलं आहे, पंधरा दिस डोंगे बंद. ते पोरगी दुसऱ्याच तलावावर आहे.”

त्या बाजूला तेवढा मोठा दुसरा तलाव एकच, मी ज्यावरून तिरोड्याकडचं विमान आणत होतो तो. आधी उंची वेगळी करायची, विचारपूस मागाहून, हे माझ्या वरिष्ठांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तिरोड्याकडच्या विमानाला तात्काळ चार हजारांवर चढायला सांगितलं. चार हजार गाठल्याचं उत्तर आल्यावर त्याच्या पट्टीवर नवी उंची लिहिली. थोड्या वेळाने मुलीचा आवाज आला, माझ्या डोक्यावरून एक विमान जातंय. बरोबर आहे, मी म्हटलं, तू तुझी उंची सोडू नकोस. मग तलाव ओळखायला तिला मदत केली.

सगळी उतरल्यावर मी मागे वळलो. काका तिथेच उभे होते, हातात माझा चहा. त्यावर जाड साय धरली होती.

“कवापासून उभे आहा?” माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

“पोरगी बोट म्हणली तवापासून.”

“मंग तवाच काऊन नाही बोलले?”

“तुमीच तं सकारी म्हणलं, माईकवर असतानी बोलू नका. तुमी माईक कवा ठेवता, वाट पाहून राहिलो होतो.”

मला माझीच लाज वाटली. त्या दुपारी मी माईक एकदाही खाली ठेवला नव्हता.