सायलेन्सर काढलेली गाडी

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत किस्से शोधावे लागत नाहीत. खिडकीत अभ्यासाला बसलं, की तेच आत येतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

बहुतेक किस्से माझ्या चुलतभावाचे, सनीदादाचे. रोज संध्याकाळी तो आणि त्याचा मित्र पिंट्या तालमीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत बाइकची रेस लावतात. नेमकी तेव्हाच लहान मुलांची शिकवणी सुटते. दुसरीतला माझा भाऊ ओम त्यांच्यातच असतो.

*

एकदा दादाची गाडी ओमला इतकी घासून गेली, की त्याच्या हातातला भेळेचा पुडा उडाला. आई धावत बाहेर आली.

दादा म्हणाला, "काकी, कंट्रोल बघा की माझा. पोराला लागलं न्हाय, नुसता पुडा गेला."

"आणि ह्यानं अर्धं पाऊल टाकलं असतं तर? ह्याला कुणी सांगितलाय तुझा कंट्रोल?"

*

पिंट्या एकदा कट्ट्यावर सांगत होता, "स्पीडमध्ये वारं कानात शिरलं की डोस्कं कसं रिकामं हुतंय."

शेजारी आमच्या गल्लीतले गवळी, आप्पा बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तेवढ्यासाठी पेट्रोल कशाला जाळतोस बाबा?"

*

मग गल्लीनं स्वतःच स्पीडब्रेकर घातला. दादा खूश. "जंपची सोय झाली," म्हणाला.

त्यावरून पहिले पडले ते आमचे बाबा. सिमेंट त्यांनीच कालवलं होतं.

*

काकू मागे बसली, की दादाची हीच गाडी सायकलच्या मागून जाते. पिंट्यानं चिडवलं, "काय रे, बैलगाडी चालवाय लागलास व्हय?"

दादा म्हणाला, "आई हाय मागं. रिस्क कशाला घ्यायची?"

*

आता शेवटचा. कुणाला काही झालं नाही, हे आधीच सांगते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी सजवलेल्या म्हशी रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेली बाइक पुढे पळवतो आणि त्या आवाजामागे म्हशी धावतात. त्याचा सराव आप्पा कितीतरी दिवस आधी सुरू करतात.

यंदा त्याच दिवसांत दादानंही सायलेन्सर काढला. आवाजानंच पिंट्याला घाबरवायचं, असा बेत होता.

रेस सुरू झाली तेव्हा आप्पा म्हशींना पाणी पाजत होते. दादाची गाडी धडधडत गेली. म्हशींनी माना वर केल्या आणि सगळ्या त्याच्या मागे सुटल्या. ते बघून पिंट्या पहिल्याच बोळात शिरला.

"गाडी बंद कर, थांबत्यात त्या!" आप्पा ओरडत होते. पण त्या आवाजात दादाला काय ऐकू येणार?

त्यानं मागे बघितलं, तर शिंगं. पुढे बघितलं, तर शिकवणी सुटलेली, ओम आणि सगळी मुलं रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसतायत. वेग वाढवायची सोय नव्हती. दादानं दोन्ही पाय रस्त्याला घासत गाडी हळू केली, मान मागे वळवली आणि म्हशींवर जिवाच्या आकांतानं ओरडला,

"अगं ए, हळू की! म्होरं बारकी पोरं हाईत, दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"