भरमाप्पाची तीन पायांची खुर्ची

टिळकवाडीत दाढी करून घेत होतो, तेव्हा परशाचा फोन आला. "आप्पा गेला रं." माझ्या तोंडून निघालं, "कुणी मारलं?" परशा म्हणाला, "कुणी न्हाय. झोपंतच." भरमाप्पा झोपेत जाईल यावर माझा अजून विश्वास नाही. वीस वर्षं तो आमच्या ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि डोक्यावर टाके इतके, की न्हावी कात्री लावायला भ्यायचा, उसवेल म्हणून.

आमच्या गावात सीमाप्रश्न निघाला की सगळे एक. पंचायतीचं दार उघडलं की दोन. वरच्या गल्लीचा गट, खालच्या गल्लीचा गट. गट म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं, तर आप्पा म्हणाला, "आपल्या नळाला पाणी सोडतोय त्यो आपला गट. आनि दुसऱ्याचं अडवतोय त्यो लई आपला."

खालच्या गल्लीला नळ देण्याचा ठराव आला, तेव्हा वरच्या गटानं देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, कुणी हात वर करायचा नाही. आप्पा त्याच गटाचा. त्याचा धाकटा भाऊ परशा तर गटाचा म्होरक्या. पण त्यांची थोरली आक्का खालच्या गल्लीत दिलेली, साठी उलटली तरी विहिरीवरून घागरी वाहणारी. मतं समसमान झाली, एकटा आप्पा उरला... कपाळावर भंडारा तसाच, आणि हात वर.

मग चाळीस खुर्च्या उडाल्या. हॉलमध्ये होत्या बावीसच, पण टेबलाखालून मी चाळीस मोजल्या. काचा फुटल्या, अध्यक्षांचा दात माझ्यापुढं येऊन पडला, बाहेरच्या चिंचेवरचे कावळे येळ्ळूरपर्यंत पळाले. परशानं एका खुर्चीचा पाय उपसला आणि सख्ख्या भावाच्या डोक्यात घातला. पिवळ्या भंडाऱ्यावरून रक्त उतरलं. त्या रक्तात मात्र मला पदरचं काही घालता येत नाही. आप्पा खाली पडला, हात वरच. सेक्रेटरीला म्हणाला, "आधी लिव्ह. मग दवाखाना."

नळ आला. भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत. पंचायतीनं टाकून दिलेली ती तीन पायांची खुर्ची आप्पानं घरी आणली, चौथ्या पायाच्या जागी विटा रचल्या आणि सोप्यात रोज तिच्यावरच बसला.

बाराव्याला परशा आला. काखेत फडक्यात गुंडाळलेला तोच पाय. इतकी वर्षं जपलेला. वाकून विटा काढायला लागला, तशी आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. त्येला ह्याचीच सवय हुती."

परशा तो पाय मांडीवर घेऊन खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. आक्कानं येताना घरच्या नळाची कळशी भरून आणली होती. तिनं त्यातलाच तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो एका दमात रिकामा केला... आणि पुन्हा पुढं धरला.