दारातला द्रोण

गेल्या महिन्यात बालीला जाऊन आले. हौस माझी नाही, सुनेची. श्रुती आयटीत आहे, दिवसभर खुर्चीत बसते, म्हणून सुट्टीत तिला चालायचं असतं... आणि तिच्यापायी मीही चालायचं.

ट्रिपचं नाव ‘ॲक्टिव्ह हॉलिडे’. मोजकी माणसं, सायकल, डोंगर, धबधबा, आणि हॉटेलऐवजी गावातल्या घरात मुक्काम. हडपसरची आमची शेतं आयटी पार्कखाली गेली, तेव्हा चिखलातून सुटले म्हणून मी पेढे वाटले होते. आणि इथे पैसे भरून भाताच्या बांधावरून घसरत चाललेय... “आई, काय फ्रेश वाटतंय ना?” म्हणे. माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी नात इरा तापली. अंग तव्यासारखं. सकाळी खोलीचं दार उघडलं तर उंबऱ्याशी पानाचा द्रोण... त्यात फुलं, भाताची शितं, एक बिस्कीट, वर उदबत्ती.

आमच्याकडे तिठ्यावर असं काही दिसलं की लहान पोरालाही कळतं, कुणीतरी आपली पीडा उतरवून टाकलीय, उतारा आहे, ओलांडायचा नाही. आणि इथे थेट आजारी पोरीच्या दारात!

झाडू घेतला आणि सगळं ढकलत नेऊन गटारात घातलं. मागे वळते तर घरमालकीण म्हातारी उभी. माझ्याच वयाची, हातात तसल्याच द्रोणांचं ताट. काही बोलली नाही, आत निघून गेली.

श्रुतीने कपाळाला हात लावला. “आई, तो नैवेद्य आहे त्यांचा! रोज ठेवतात दारात. आता काढतील आपल्याला घराबाहेर!”

“मग दारात कशाला? देव्हारा नाही का घरात?” आवाज माझाच मोठा होता. पण तापलेली पोर घेऊन परमुलखात जायचं कुठे?

थोड्या वेळाने म्हातारी आली... इरासाठी शहाळं घेऊन. मला वाटलं, चला, सुटलो. कसलं सुटतेय. ग्रुप धबधब्याला गेला, श्रुती इराजवळ बसली, आणि म्हातारीने मला हाताला धरून ओसरीवर नेऊन बसवलं. पुढ्यात नारळाची कोवळी पानं टाकली.

तिची भाषा मला येईना, माझी तिला. लहानपणी पळसाचे द्रोण लावलेत मी, म्हटलं त्यात काय... पहिला वाकडा झाला. तिने उसवून परत हातात दिला. दुसराही उसवला. मी म्हटलं, “तू काय माझी सासू हायेस का गं?” ती खो खो हसली. सासू सगळीकडे सारखीच असते, कळलं असणार.

शेवटी एक जमला. तो तिने फुलं, शितं, बिस्कीट घालून माझ्याच हाताने आमच्या दारात ठेवायला लावला. लगेच कोंबडी आली आणि बिस्कीट घेऊन पळाली. मी ओरडत मागे धावले, म्हातारी मात्र निवांत.

इराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. औषधाने. उगाच भलतं काही मनात आणू नका.

तर परवा सकाळी, इथे हडपसरला, केळीच्या पानाचा द्रोण लावला. फुलं, शितं, उदबत्ती, सगळं नीट घालून फ्लॅटच्या दारात ठेवला. दूध घेऊन परत येते तर द्रोण गायब! समोरच्या बाई झाडू घेऊन उभ्या.

“आजी, तुमच्या दारात कुणीतरी उतारा टाकला होता हो! घाबरू नका, मी फेकून दिला.” घामाघूम झाल्या होत्या बिचाऱ्या. माझ्यासाठी.

ओठांवर बरंच काही आलं होतं... गिळलं. तिथे मला तरी कोण काय बोललं होतं?

उद्या चहाला बोलावलंय त्यांना. पानं आणून ठेवलीत. पहिला द्रोण वाकडाच होणार त्यांचा... उसवायला मी बसलेच आहे.