धवलारणीची टेप

टेपवरचं शूटिंग संगणकात उतरवताना एकच नियम पाळायचा असतो. टेप एकदा सुरू केली की शेवटपर्यंत तिला हात लावायचा नाही. एक तासाची टेप असेल तर एक तास गप्प बसायचं; सगळं उतरलं की मग संगणकावर हवं तेवढं पुढेमागे करून बघा. पनवेलच्या एका स्टुडिओत नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकांनी मला हे शिकवलं. काका म्हणजे त्या स्टुडिओचे मालक. पुढे टेपा गेल्या, कार्डं आली, स्टुडिओ बंद झाला आणि मी कामोठ्यात घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागले. हल्ली दिवसभराचं लग्न पंधरा-वीस मिनिटांत कार्डावरून संगणकात येतं. तरी एक जुना संगणक मी बेडरूमच्या कोपऱ्यात जपून ठेवला आहे, कारण टेपच्या कॅमेऱ्याची वायर त्यालाच लागते.

तो नियम मी एकदाच मोडला.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी जासईहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगणवाडीत नोकरी करणाऱ्या. सोबत त्यांची म्हातारी आई होती, आणि कापडी पिशवीत वडिलांचा जुना व्हिडिओ कॅमेरा. टेप कॅमेऱ्यातच होती.

"ताई, यात आमच्या आयची गानी हायेत," त्या म्हणाल्या. "आय धवलारीन होती. भावाच्या हळदीला बाबांनी शूटिंग केलेली. बस, तेवढीच. दुसरीकडं कुठं नाय."

आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई असते, ती धवलारीण. या आजींनी पंचवीस गावांत लग्नं गाजवली होती म्हणे. आता घशाचं काहीतरी होऊन आवाज बसला होता, बोलल्या की फटीतून वारा आल्यासारखं वाटायचं. गाणीही विसरायला लागल्या होत्या. बाईंच्या मुलीची हळद शुक्रवारी होती, आणि धवले आजींचेच पाहिजेत असा बाईंचा हट्ट होता.

"मना येत नाय," त्या म्हणाल्या. "शिकायच्या वयात लाज वाटली. आता टेपवर तरी लावू."

"नवरीच्या म्होरं बसून गायाचा असतो," आजी मागून म्हणाल्या. "डब्यातून नाय."

मी कॅमेरा तपासला. चार्जरवर चालू होत होता. साफ करायची कॅसेट दोनदा फिरवली, मग त्यांची टेप घातली. बाईंनी विचारलं, "कायी होनार नाय ना टेपला?"

"नाही होणार," मी म्हणाले. असं कधी म्हणू नये.

सुरुवातीला पडद्यावर नुसते चौकोन नाचत होते. मग घर दिसलं, दारातला मांडव दिसला, पिवळ्या हातांच्या बायका. मधोमध आजी बसलेल्या, काळ्याभोर केसांच्या, मान खाली घालून गात होत्या. काय आवाज होता तो! आमच्या बेडरूमचं कपाट हलेल असा. बाई तोंडावर पदर धरून ऐकत राहिल्या. दहा-बारा मिनिटांनी त्यांना आठवलं की आईची बीपीची गोळी घरीच राहिली आहे. "खाली मेडिकल हाय ना? आलेच," म्हणून त्या गेल्या.

खोलीत मी आणि आजी. टेप चालू होती. साधारण अठराव्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या मागून एका पुरुषाचा आवाज आला, अगदी जवळून, कानात बोलल्यासारखा: "तोंड वर कर गो! भुईला गातंस का?" पडद्यावरच्या आजींनी वैतागून वर बघितलं आणि गाणं न थांबवता पुन्हा मान खाली घातली. मला हसू आलं. मी वळून बघितलं तर खुर्चीतल्या आजी उभ्या राहिल्या होत्या.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

"आजी, संपू दे. मग दहा वेळा लावते."

"आता लावा." त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. "बारा वर्सां झाली त्यांना जाऊन. आवाज नाय ऐकला."

तो आवाज संगणकात उतरला होता. मी टेप थांबवून उतरलेला भाग साठवला असता आणि त्यातून त्यांना ऐकवला असता तरी चाललं असतं. एवढं सोपं होतं. पण त्यांनी मनगट धरलेलं, त्यांचे डोळे भरलेले, आणि मला वाटलं, पाच सेकंदांचं तर काम आहे. मी थांबवलं. पडद्यावर चौकट आली: उतरवलेलं साठवायचं की टाकून द्यायचं? पुन्हा पहिल्यापासूनच उतरवू, असा विचार करत मी चौकट घालवायला घाईत टाकून द्यायचं बटण दाबलं आणि टेप मागे घेतली.

कॅमेऱ्यातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला. मग टक्. पडदा निळा झाला.

झाकण उघडलं तर अर्धंच उघडलं. टेपचा काळपट पट्टा आतल्या चाकांमध्ये गुंतून, वळून, एका जागी चुरगळला होता. टोक ओढलं की निघेल असं वाटत होतं. बोट तिथपर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"काय झाला?" आजींनी विचारलं.

तेवढ्यात बेल वाजली.

बाई गोळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी निळा पडदा बघितला, अर्धवट उघडं झाकण बघितलं.

"अडकली," मी म्हणाले. "कॅमेरा जुना आहे ना. होतं असं."

"तुमीच बोललात, कायी होनार नाय म्हनून!"

"मी काढते. थोडा वेळ द्या."

त्यांनी भावाला फोन लावला. फोन कानाला होता तरी पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. घरून कामं करणाऱ्या बाईकडे दिलीच कशाला, मोठ्या दुकानात का नाही नेली, तिला सांग हात लावू नको. बाई माझ्याकडे पाठ करून "हो, हो" करत होत्या. मी त्या कॅमेऱ्याकडे बघत उभी होते, आणि मनात एकच, की आजींनी बोलू नये.

आजी बोलल्या. "तिला कशाला बोलतंस? मीनंच मागं न्याला सांगितला. माझी चूक हाय."

बाईंनी फोन खाली घेतला. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ऐंशीची म्हातारी माझ्या वाटणीचं अंगावर घेत होती आणि मी तिच्यामागे उभी होते. मला ते सहन झालं नाही.

"त्यांनी सांगितलं," मी म्हणाले, "पण त्यांना काय माहीत? मला माहीत होतं की मागे न्यायची नसते. बटण मी दाबलं."

बाई खुर्ची ओढून आईशेजारी बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काकांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: "ओढलीस का?"

"नाही."

"ओढू नकोस. बॅटरी काढ, वायर काढ, आणि लांब बस. मी येतो."

जुन्या पनवेलहून स्कूटरवर यायला त्यांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. भावाचा दोनदा फोन आला, बाईंनी दोन्ही वेळा कापला. आजी निळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या, जणू तिथून अजून काही येणार होतं.

काका आले. चष्मा पुसला, खिडकीजवळ टेबल ओढायला लावलं, झाकणाचे स्क्रू काढले आणि आतलं एक दातेरी चाक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने केसाएवढं केसाएवढं फिरवत राहिले. खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, तेवढाच आवाज. शेवटी पट्टा सैल झाला. त्यांनी कॅसेट दोन बोटांनी उचलली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मागे घेतलीस?"

"हो."

त्यांनी पट्टा हाताने आत गुंडाळला, स्वतःचा जुना कॅमेरा पिशवीतून काढला, वायर जोडली. "आता कुणी बोलायचं नाही," ते सगळ्यांना म्हणाले, पण ते मलाच होतं.

पुन्हा घर, मांडव, पिवळे हात. पंधरावं मिनिट गेलं. सोळावं. बाईंनी आईचा हात धरला होता. सतराव्या मिनिटानंतर माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच, मी फक्त आकडे बघत होते. मग चित्र फाटलं. चौकोन, आडव्या रेघा, एक कर्कश खरखर, त्यात "तों" असं काहीतरी, आणि शांतता. कॅमेऱ्याचं चाक किरकिरलं. काकांचा हात झाकणावर गेला आणि तिथेच थांबला.

आवाज परत आला. आजी गात होत्या. पुढे शेवटपर्यंत टेप कुठेही अडली नाही. पाऊण तास आम्ही चौघं हललो नाही. साठवायची चौकट आली तेव्हा मी तीनदा वाचून बटण दाबलं.

"मधी काय गेला?" बाईंनी विचारलं.

"गाना नाय गेला," आजी म्हणाल्या. "तुझा बाबा बोलला होता."

बाई खालून गोळी आणत होत्या तेव्हा. त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या आईसमोर बसल्या आणि विचारलं, "काय बोलले?" आजींनी त्या बसक्या आवाजात सांगितलं, तोंड वर कर गो, भुईला गातंस का. सांगताना त्या जरा हसल्या. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी मोबाइलमध्ये गाणी भरून घेतली, कॅमेरा पिशवीत ठेवला, आणि काकांना नमस्कार करून आईला घेऊन निघाल्या.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. हळद झाली होती. मोबाइलवर लावलेलं गाणं आजींनी दोन मिनिटांत बंद करायला लावलं आणि लेकीला म्हणाल्या, तू म्हण, मी सांगते. तीन दिवस घरात ऐकून ऐकून जेवढं बसलं होतं तेवढं बाईंनी म्हटलं. बायका हसल्या, मग साथीला बसल्या.

"दुसरा विचारायचा होता," त्या म्हणाल्या. "आता काय काय निघालंय बोलतात. तेवढा बाबांचा बोलना नीट नाय होनार?"

"नाही," मी म्हणाले. "पट्ट्यावर ते उरलंच नाही."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तो दिवस माझ्या मनातून गेला नव्हता. मी सांगितलं की पहिल्यांदा टेप चालली तेव्हा तो आवाज संगणकात उतरला होता, आणि घाईत मीच तो टाकून दिला. हे काकांनाही माहीत नव्हतं.

पलीकडे मागे कुठेतरी अंगणवाडीतली पोरं एकसुरात काहीतरी म्हणत होती.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "हा मना नसता सांगितला तरी चालला असता." मग जरा थांबून, "आयला नका सांगू," आणि त्यांनी फोन ठेवला.